मेंदूचा मोजणीदार : कोर्बिनियन ब्रोडमन



काही थोर माणसांची नावे जगभर रोज उच्चारली जातात, पण त्यांचे चरित्र मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. वैद्यकीय महाविद्यालयात मेंदूचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला ‘ब्रोडमनचा चौथा विभाग’, ‘ब्रोडमनचा सतरावा विभाग’ अशी नावे पाठ करावी लागतात. मेंदूवर शस्त्रक्रिया करणारा सर्जन आणि मेंदूची छायाचित्रे वाचणारा तज्ज्ञ यांच्या बोलण्यातही हेच क्रमांक येतात. हे क्रमांक देणारा माणूस कोण, कुठला आणि त्याच्या कष्टांचे चीज झाले का, हे आपण आज पाहू. शंभर वर्षांपूर्वी त्याने मागे ठेवलेल्या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आपल्या मुंबईतील एका प्रयोगशाळेचाही वाटा आहे. तेही या निमित्ताने समजून घेऊ.

कोर्बिनियन ब्रोडमन यांचा जन्म १७ नोव्हेंबर १८६८ रोजी दक्षिण जर्मनीतील लिगर्सडॉर्फ नावाच्या एका लहान खेड्यात झाला. वडील शेतकरी होते. गावातल्या शाळेत प्राथमिक शिक्षण झाल्यावर पुढील शिक्षणासाठी त्यांना गाव सोडावे लागले. युबरलिंगेन, झिग्मारिंगेन आणि कॉन्स्टान्झ अशा तीन ठिकाणी त्यांचे शालेय शिक्षण झाले. खेड्यातल्या मुलाला शिक्षणासाठी दारोदार फिरावे लागते, हा अनुभव आपल्या तालुक्यातील आडवळणाच्या वाड्यावस्त्यांवरील मुलांना वेगळा सांगण्याची गरज नाही. पुढे म्युनिक, वुर्झबर्ग, बर्लिन आणि फ्रायबर्ग येथे त्यांनी वैद्यकशास्त्राचा अभ्यास केला आणि १८९५ साली त्यांना डॉक्टरकी करण्याचा परवाना मिळाला.

एखाद्या गावी दवाखाना थाटावा आणि लोकांची सेवा करावी, एवढीच त्या वेळी त्यांची इच्छा होती. पण त्यांना घटसर्पाने गाठले. त्या काळी घटसर्प हा जीवघेणा आजार होता. आजारातून उठल्यावर अंगात ताकद येईपर्यंत हलके काम करावे, या हेतूने १८९६ साली त्यांनी आलेक्झांडर्सबाड येथील मज्जाविकारांच्या रुग्णालयात साहाय्यकाची नोकरी धरली. तेथे त्यांची ऑस्कर फोग्ट या तरुण संशोधकाशी गाठ पडली. मेंदू आणि मन यांचा संबंध शोधण्याच्या ध्यासाने फोग्ट झपाटलेले होते. त्यांच्या सहवासात ब्रोडमन यांचा बेत बदलला. एका आजारपणाने त्यांच्या आयुष्याची दिशा फिरवली, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

१८९८ साली लाइपझिग येथे त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर येना येथील मनोरुग्णालयात काम करून १९००-०१ साली ते फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात गेले. तेथे आलोइस अल्झायमर हे वरिष्ठ डॉक्टर होते. म्हातारपणी स्मृती नाहीशी करणाऱ्या ज्या रोगाला पुढे अल्झायमरचे नाव मिळाले, तेच हे अल्झायमर. रुग्णाच्या वागण्याची नोंद जितक्या बारकाईने घ्यायची, तितक्याच बारकाईने त्याच्या मृत्यूनंतर त्याचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा, ही त्यांची शिस्त होती. तीच शिस्त ब्रोडमन यांनी उचलली. १९०१ साली ते बर्लिनला फोग्ट यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. आयुष्यातील पुढची नऊ वर्षे त्यांनी तेथे काढली आणि त्यांचे खरे कार्य तेथेच घडले.

हे कार्य समजण्यासाठी मेंदूविषयी थोडी माहिती हवी. आपल्या मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागावर करड्या रंगाचा एक थर असतो. त्याला प्रमस्तिष्काचे बाह्यक म्हणतात. त्याची जाडी सरासरी दोन ते चार मिलिमीटर, म्हणजे भाकरीपेक्षा फार जास्त नाही. पण तेवढ्या जाडीत सुमारे १६०० कोटी चेतापेशी सामावलेल्या असतात. पाहणे, ऐकणे, बोलणे, हात उचलणे, विचार करणे या साऱ्या गोष्टी या थराच्या आधारे चालतात. कवटीत मावावा म्हणून हा थर सुरकुत्यांसारखा दुमडलेला असतो.

या थरात कामांची वाटणी आहे की सारा थर सर्व कामे मिळून करतो, यावर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद झाला. फ्रान्झ योझेफ गाल यांनी डोक्यावरचे उंचवटे चाचपून माणसाचा स्वभाव सांगण्याचे खूळ काढले होते. ते शास्त्र नव्हते. पण १८६१ साली पॅरिस येथे पॉल ब्रोका यांनी वाचा गेलेल्या एका रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला, तेव्हा डाव्या बाजूच्या पुढील भागात इजा आढळली. १८७० साली बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूच्या ठरावीक जागी विजेचा सौम्य स्पर्श केला, तेव्हा ठरावीक स्नायू हलला. म्हणजे वाटणी होती, हे नक्की झाले. पण शेताला बांध असतो तसे या विभागांना बांध आहेत काय? आणि असल्यास ते डोळ्यांना दिसतील काय? वरून पाहिले तर सारे बाह्यक सारखेच करडे दिसते.

ही मोजणी करण्याचे काम फोग्ट यांनी ब्रोडमन यांच्यावर सोपवले. मेंदू रसायनात मुरवून पक्का करायचा, मेणात बसवायचा आणि यंत्राने त्याचे केसाहून पातळ काप काढायचे. मग प्रत्येक काप रंगवायचा. फ्रान्झ निस्ल यांनी शोधलेल्या रंगाने चेतापेशींची शरीरे तेवढी गडद उठून दिसत. असा एकेक काप काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचा आकार, दाटी आणि मांडणी पाहायची, नोंद करायची आणि पुढचा काप घ्यायचा. एका मेंदूचे असे हजारो काप होतात. या कामात चमत्कार काही नाही. डोळ्यांची शक्ती, चिकाटी आणि प्रामाणिकपणा एवढ्याच भांडवलावर ते चालते.

या परिश्रमातून त्यांना दिसले ते असे. बाह्यकात पेशींचे एकावर एक सहा थर आहेत. पण सर्व ठिकाणी हे थर सारखे नाहीत. मेंदूच्या मागच्या टोकाला, जेथे डोळ्यांकडून आलेले संदेश पोहोचतात, तेथे चौथा थर जाड असून त्याचे आणखी पोटथर पडले आहेत. उलट हातापायांना हालचालीचा हुकूम जेथून सुटतो, त्या भागात चौथा थर जवळजवळ दिसतच नाही आणि पाचव्या थरात प्रचंड मोठ्या पेशी आहेत. काही ठिकाणी एका विभागातून दुसऱ्यात जाताना मांडणी एकदम बदलते, जणू भाताचे खाचर संपून बांधापलीकडे वरईचे शेत लागावे. काही ठिकाणी मात्र बदल हळूहळू होतो. बांध होते आणि ते दाखवता येत होते.

१९०३ सालापासून त्यांचे निबंध एकामागून एक प्रसिद्ध होऊ लागले. ते केवळ माणसाच्या मेंदूवर थांबले नाहीत. माकड, लेमूर, ससा, खारीच्या कुळातील प्राणी आणि आपल्याकडे वडाच्या झाडाला उलटे लटकणारे मोठे वटवाघूळ अशा अनेक सस्तन प्राण्यांचे मेंदू त्यांनी याच पद्धतीने तपासले. इतके प्राणी कशासाठी, असे कोणी विचारील. सर्व सस्तन प्राण्यांच्या बाह्यकाची मूळ घडण एक आहे आणि त्यातूनच निरनिराळे विभाग घडत गेले आहेत, हे त्यांना दाखवायचे होते.

त्यासाठी ते गर्भाच्या मेंदूकडेही वळले. माणसाच्या गर्भात साधारण सहाव्या ते आठव्या महिन्यात बाह्यकाचे सहा थर स्पष्ट दिसू लागतात. विशेष म्हणजे मोठेपणी ज्या भागात चौथा थर दिसत नाही, त्या भागातही गर्भावस्थेत तो असतो. म्हणजे सुरुवातीचा आराखडा सर्वत्र एकच, आणि वाढ होत असताना कोठे थराची भर पडते तर कोठे थर मावळतो. विभाग हे जन्मतः तयार खोके नसून ते वाढीतून घडतात, ही गोष्ट ब्रोडमन यांनी नेमकी हेरली होती.

१९०९ साली लाइपझिग येथे त्यांचा मुख्य ग्रंथ प्रसिद्ध झाला. मोठ्या मेंदूच्या बाह्यकातील विभागांची तुलनात्मक स्थाननिश्चिती हा त्याचा विषय. त्यातील नकाशात विभागांना १ ते ५२ असे क्रमांक आहेत. त्यांपैकी काही क्रमांक इतर प्राण्यांतच आढळतात, म्हणून माणसाच्या नकाशात ते गाळलेले दिसतात. हे क्रमांक महत्त्वाप्रमाणे नाहीत. ज्या क्रमाने मोजणी झाली, त्या क्रमाने ते पडले. वर्गातल्या हजेरी क्रमांकासारखेच हे आहे. पहिला क्रमांक असलेला मुलगा हुशार आणि पन्नासावा ढ, असा त्याचा अर्थ नसतो. स्पर्शज्ञानाचे विभाग ३, १ आणि २, हालचालीचा ४, दृष्टीचा १७, श्रवणाचे ४१ आणि ४२, वाचेशी संबंधित ४४ आणि ४५ हे क्रमांक तेव्हापासून रूढ झाले.

एवढे काम करणाऱ्या माणसाचे बर्लिनने स्वागत करायला हवे होते. पण घडले उलटे. विद्यापीठात अध्यापन करण्याचा अधिकार मिळावा म्हणून त्यांनी लेमूरवर्गीय प्राण्यांच्या बाह्यकावरील प्रबंध सादर केला. बर्लिनच्या वैद्यक विद्याशाखेने तो नाकारला. फोग्ट यांचे आणि तेथील प्राध्यापक मंडळींचे फारसे सख्य नव्हते. त्याची झळ शिष्यवजा सहकाऱ्याला बसली, असे मानले जाते. ज्या वर्षांत त्यांचा ग्रंथ जगापुढे येत होता, त्याच सुमारास त्यांच्या स्वतःच्या शहरातील विद्यापीठाचे दार त्यांना बंद झाले.

ब्रोडमन यांनी कोणाशी भांडण मांडले नाही आणि कामही सोडले नाही. १९१० साली ते ट्युबिंगेनच्या मनोरुग्णालयात गेले. रॉबर्ट गाउप यांनी त्यांना आधार दिला. तेथे त्यांना अध्यापनाचा अधिकार मिळाला आणि १९१३ साली प्राध्यापक ही पदवीही मिळाली. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर त्यांनी जखमी सैनिकांच्या इस्पितळात सेवा केली. १९१६ साली ते हाले गावाजवळील नीटलेबेन येथील मनोरुग्णालयात रुजू झाले. पोटापाण्याची चिंता नसलेली नोकरी त्यांना प्रथमच मिळाली, तेव्हा त्यांचे वय ४७ होते. १९१७ साली मार्गारेटे फ्रांके यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि १९१८ साली त्यांना मुलगी झाली.

त्याच वर्षी म्युनिक येथे एमिल क्रेपेलिन यांनी मनोविकारांच्या संशोधनासाठी उभ्या केलेल्या नव्या संस्थेत ब्रोडमन यांना एका विभागाचे प्रमुख म्हणून बोलावले. ज्यांच्या रंगाने त्यांनी आयुष्यभर पेशी पाहिल्या, ते निस्लही तेथेच होते. मनासारखी जागा, मनासारखे सहकारी, घरी पत्नी आणि तान्ही मुलगी असे सारे जुळून आले. आणि काही महिन्यांतच, २२ ऑगस्ट १९१८ रोजी, रक्तात जंतुसंसर्ग पसरून त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा पेनिसिलिनचा शोध लागायला दहा वर्षे अवकाश होता. वयाची पन्नाशीही त्यांनी पाहिली नाही.

त्यांच्या नकाशावर पुढे टीकाही झाली. कोणी म्हणाले विभाग कमी पाडले, कोणी म्हणाले जास्त पाडले. खुद्द ऑस्कर फोग्ट आणि त्यांच्या पत्नी सेसिल फोग्ट यांनी विभागांची संख्या दोनशेपर्यंत नेली. एका माणसाने डोळ्यांनी पाहून आखलेल्या रेषा खऱ्या कशावरून, हा आक्षेप रास्तच होता. पण पुढे जिवंत माणसाच्या मेंदूची छायाचित्रे घेणारी यंत्रे आली, तेव्हा त्यांतील कामाच्या जागा सांगायला जगाने ब्रोडमन यांचेच क्रमांक हाती घेतले. १९९४ साली त्यांचा ग्रंथ संपूर्ण स्वरूपात इंग्रजीत आला, म्हणजे मूळ प्रकाशनानंतर ८५ वर्षांनी. २०१६ साली अमेरिकेतील संशोधकांनी नव्या साधनांनी केलेल्या मोजणीत मेंदूच्या प्रत्येक अर्ध्या भागात १८० विभाग दाखवले. जुना नकाशा त्यामुळे रद्द ठरला नाही. जुन्या मोजणीवर नवी पोटमोजणी झाली.

मात्र ब्रोडमन यांनी एक प्रश्न मागे ठेवला होता. सुरुवातीला सर्वत्र सारखे दिसणारे बाह्यक पुढे विभागांत वाटले जाते, तर ही वाटणी करतो कोण? गर्भातल्या पेशींनाच आपली जागा ठाऊक असते, की डोळे, कान, त्वचा यांच्याकडून येणारे धागे जेथे पोहोचतात, त्याप्रमाणे विभाग ठरतो? विसाव्या शतकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांत यावर दोन तट पडले होते.

उत्तर जनुकांच्या अभ्यासातून मिळू लागले. शरीराच्या प्रत्येक पेशीत बहुतेक सारखीच जनुके असतात, पण प्रत्येक पेशीत सगळीच जनुके काम करीत नाहीत. कोठे एखादे जागे असते, कोठे झोपलेले असते. कोणते जनुक कोठे जागे आहे, हे पाहण्यासाठी आजही मेंदूचे पातळ काप काढून ते रंगवतात. फरक एवढाच की रंग आता पेशीच्या शरीराला नव्हे, तर जाग्या जनुकाच्या संदेशाला चिकटतो. ब्रोडमन आज आले तर त्यांना ही प्रयोगशाळा परकी वाटणार नाही.

या कापांत काय दिसते, ते आपल्या तालुक्याच्या उदाहरणाने सांगतो. ताम्हिणी घाटात पाऊस कोसळतो. मुळशी धरण, पौड, पिरंगुट करीत पूर्वेकडे यावे तसतसा तो कमी होत जातो आणि पुणे शहरात तो वर्षाला सरासरी सातशे-साडेसातशे मिलिमीटरवर येतो. हा पाऊस कोणी बांध घालून अडवलेला नाही. तो फक्त क्रमाने कमी होतो. पण कोठे भात लावायचा आणि कोठे बाजरी पेरायची, हे त्यावरून ठरते. उंदराच्या गर्भातील बाह्यकात असेच घडते. पॅक्स-६ नावाचे जनुक पुढच्या बाजूला जोरात काम करते आणि मागे जाताना मंदावते. ईएमएक्स-२ नावाचे जनुक याच्या उलट, मागे जोरात आणि पुढे मंद असते. पेशीला दोन्हींचे प्रमाण मिळाले की आपण कोठे आहोत, याचा तिला पत्ता लागतो. २००० साली असे दिसून आले की ईएमएक्स-२ नसलेल्या उंदरात मागचा दृष्टीचा विभाग आक्रसतो आणि पुढचे विभाग मागे सरकतात.

पुढच्या टोकाकडून एफजीएफ-८ नावाचे प्रथिन पाझरत असते. २००१ साली शिकागो येथे एलिझाबेथ ग्रोव्ह यांच्या प्रयोगशाळेत तेच प्रथिन गर्भाच्या बाह्यकाच्या मागच्या टोकालाही निर्माण केले गेले. तेव्हा उंदराच्या मिशांच्या स्पर्शाचा नकाशा काही पिलांत एकाऐवजी दोनदा उमटला. पाऊस दोन्ही बाजूंनी पाडला तर भाताचे पट्टेही दोन होतील, तसेच हे आहे.

याच ग्रोव्ह यांच्याकडे काम करून मुंबईला परतलेल्या डॉ. शुभा टोळे यांनी १९९९ पासून कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हा शोध पुढे नेला. एखादी पेशी बाह्यकाची होणार की नाही, हे मुळात ठरते कसे, हा त्यांचा प्रश्न होता. एलएचएक्स-२ नावाचे जनुक ते ठरवते, हे त्यांच्या गटाने २००८ साली प्रसिद्ध केले. गर्भाच्या अगदी सुरुवातीला ज्या पेशींत हे जनुक नसते, त्या बाह्यकाच्या होतच नाहीत. त्या बाह्यकाच्या कडेच्या पट्टीसारख्या बनतात आणि शेजारच्या पेशींना स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस हा भाग तयार करायला लावतात. शेताची कड हीच शेजारच्या शेताचे पीक ठरवते, असा हा प्रकार. या कार्याबद्दल टोळे यांना २०१० साली भटनागर पुरस्कार आणि २०१४ साली इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

येथे पालकांनी एक गोष्ट मनाशी धरावी. जनुके नकाशा आखतात हे खरे, म्हणून मुलाचे नशीब जनुकांत लिहिलेले आहे असे समजू नये. अमेरिकेत मृगांक सूर या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यात डोळ्यांचे धागे लहानपणीच श्रवणाच्या विभागाकडे वळवले. तेव्हा श्रवणाचा विभाग पुष्कळ अंशी दृष्टीच्या विभागासारखा वागू लागला. लहानपणी दृष्टी गेलेली माणसे बोटांनी ब्रेल लिपी वाचतात, तेव्हा त्यांच्या मेंदूतील दृष्टीचा भाग काम करताना आढळतो. शेताची आखणी जनुके करतात, पण त्यात पीक कसे येणार ते मशागतीवर अवलंबून असते. आमच्या पोराच्या डोक्यातच गणित नाही, आमच्या मुलीला शिकून काय करायचे, असे निकाल आपण सहज देऊन मोकळे होतो. मेंदूचे शास्त्र असा निकाल देत नाही. गालसारखी डोके चाचपून भविष्य सांगण्याची सवय आपणही सोडून द्यावी.

आणि विद्यार्थ्यांनो, ब्रोडमन यांच्या चरित्रातून घ्यायचे ते हे, की आजाराने वर्ष हुकले, विद्यापीठाने प्रबंध नाकारला, स्थिर नोकरी मिळता मिळता चाळिशी उलटून गेली, तरी एकेक काप नीट पाहून नीट नोंदवण्याचे व्रत त्यांनी मोडले नाही. प्रबंध नाकारणाऱ्यांपैकी कोणाचे नाव आज मेंदूच्या नकाशावर नाही. लिगर्सडॉर्फच्या शेतकऱ्याच्या मुलाचे नाव मात्र बावन्न क्रमांकांच्या मागे उभे आहे. तुमच्यापैकी एखादा किंवा एखादी उद्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावील, तेव्हा या नकाशात एक रेषा आणखी स्पष्ट होईल, अशी आशा बाळगून हा लेख पुरा करतो.